सोफ्याच्या पोटातला दबक्या

कुठल्याही सोफ्याला दोन अंगं असतात. बाहेरचं अंग पाहुण्यांसाठी. तिथलं कापड ताणून बसवलेलं, कुठे सुरकुती नाही की सुटलेला धागा नाही. आतलं अंग मात्र गबाळं. तिथे सुतळ्या, काथ्या, स्प्रिंगा, जुन्या फोमचे तुकडे, आणि कधीकाळी कुणाच्या तरी खिशातून घरंगळलेली, घर पालथं घालूनही न सापडलेली एखादी किल्ली. बाहेरचं अंग जगाचं, आतलं अंग सोफेवाल्याचं.

आपल्या गोष्टीतल्या सोफेवाल्याच्या दुकानात मात्र त्या आतल्या अंगावर तिसऱ्याच कुणाची मालकी होती. त्याच्या लेकीची. शाळेच्या पटावर तिचं नाव काही वेगळं असेल, पण ते ठाऊक फक्त तिच्या बाईंना. बाकी सगळे तिला भिंगरी म्हणत. शाळा सुटली की भिंगरी दप्तरासकट दुकानात शिरायची आणि कापड कापायच्या मोठ्या टेबलाखाली दिसेनाशी व्हायची.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. वर आढ्याला उलट्या टांगलेल्या खुर्च्या, वटवाघळांसारख्या. खाली पाय ठेवाल तिथे फोमचा भुगा. डिंकाचा आणि कोऱ्या रेक्झिनचा वास. खिडकीपाशी पायाचं शिवणयंत्र, आणि त्या यंत्रावर सोफेवाल्याची थोरली बहीण. गिऱ्हाईक तिला ताई म्हणे, भिंगरी आत्या म्हणे, आणि सोफेवाला मनातल्या मनात तिला साहेब म्हणे, कारण दुकानात शब्द चालायचा तो तिचाच.

भिंगरी अगदी लहान होती तेव्हा तिने एका सायीच्या रंगाच्या सोफ्यावर निळ्या खडूने आगगाडी काढली होती. सोफा दुसऱ्या दिवशी जायचा होता. सोफेवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला, पण समोर उभी असलेली पोर इतकी खुशीत होती की त्याचा हात काही उठला नाही. त्याने कापड बदललं आणि कायदा केला.

"हे बघ, आतल्या बाजूला काय वाट्टेल ते कर. बाहेरच्या बाजूला बोटसुद्धा लावायचं नाही."

"आत म्हणजे कुठे?"

"खिळे ठोकल्यावर जे दिसत नाही, ते आत."

"मग ते कुणाला दिसणार?"

"कुणालाच नाही."

भिंगरीला हा सौदा एकदम पसंत पडला.

तेव्हापासून गावातली निम्मी माणसं भिंगरीच्या चित्रांवर बसत होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. किराणा दुकानदाराच्या आरामखुर्चीत चार पायांचा मासा होता. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खुर्चीत, बरोबर त्यांच्या बुडाखाली, एक चिडलेला कोंबडा होता. पण सगळ्यात जास्त होता तो दबक्या. दबक्या हा सोफ्याच्या पोटात राहणारा प्राणी. त्याला सहा पाय, का तर सोफ्याला सहा पाय. वर माणूस बसला की दबक्या दबतो, माणूस उठला की फुगतो. बारीक माणूस बसला तर तो झोपूनच राहतो, जाडा बसला की म्हणतो, "आलास का बाबा!" प्रत्येक सोफ्यातला दबक्या वेगळा. एकाच्या डोक्यावर स्प्रिंगांची शिंगं, एकाच्या खिशात ती हरवलेली किल्ली, एकाला म्हणे पाठीवर खाज सुटते पण वर पाहुणे बसलेले, खाजवणार कसं?

सोफेवाला हे सगळं बघायचा का? बघायचा आणि नाहीही. आपलंच नाक जसं आपल्याला दिसत असून दिसत नाही, तसं. तो खुर्ची उलटी करायचा, अस्तर लावायचा, खिळे ठोकायचा. टेबलाखालून खडूचा करकर आवाज येत राहायचा. खिडकीपाशी ताईचं यंत्र धडधडायचं, आणि यंत्राच्या तालावर ताईचं तोंड. ताईला गाता येत नव्हतं, निदान ती तसं सांगायची. पण पाय हलू लागला की तिच्या तोंडातून ओळी गळायच्या, जुळलेल्या, ताज्या, त्या घटकेच्या. समोर जे फाटकं पडलं असेल त्याच्यावरच्या.

खुर्ची बाई खुर्ची, तुझं फाटलं गं पोट,
किती जणांचं सोसलंस, मिटून घेतलंस ओठ.

शिवण संपली की ओळ संपली. पुन्हा ती कधी ऐकू यायची नाही. यायची ती दुसरी.

असं ते दुकान तिघांचं तीन तालांत चाललं होतं, आणि कुणाचं कुणाला ओझं नव्हतं.

भिंगरीची आई लहान मुलांच्या दवाखान्यात परिचारिका होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मुलांना बसायला नवी बाकडी करायला सांगितली, गादीची, मऊ. काम घाईचं. दवाखाना रंगवून झाला होता आणि पोरं फरशीवर बसत होती. सोफेवाल्याने दोन दिवसांत सांगाडे उभे केले. बाकड्याच्या तळाला शेवटी एक करडं फडकं ठोकतात, धूळ आत जाऊ नये म्हणून. त्या फडक्याच्या दोन्ही बाजू सारख्याच. कुठली आत, कुठली बाहेर, हे ठोकणाराच ठरवतो. भिंगरीने त्यातल्या एका फडक्याची एक बाजू नेहमीप्रमाणे दबक्यांनी, त्यांच्या नावासकट, भरून टाकली होती.

सोफेवाला शेवटचं बाकडं उलटं करून बसला होता आणि ताईचं यंत्र जोरात होतं.

सुई टोचते डॉक्टरीण, सुई टोचते मी,
तिच्या सुईला रडती पोरं, माझ्या सुईला कुणी?

"रेक्झिन रडतं गं ताई, रेक्झिन!" सोफेवाला ओरडला, आणि आपल्याच विनोदावर असा खदखदून हसला की हातातलं फडकं सरकलं, त्याने ते उचललं, झटकलं, ताणलं आणि ठोकून मोकळा झाला. उलटं.

भिंगरीचं चित्र जमिनीकडे तोंड करून दवाखान्यात गेलं.

आता बाकड्याच्या तळाकडे कोण बघतो? मोठं माणूस कुणीच नाही. पण इंजेक्शनला घाबरलेला पोरगा सगळ्यात आधी कुठे शिरतो? बाकड्याखाली. पहिल्याच दिवशी एक असा शिरला. आईने पाय ओढला, तो येईना. वडिलांनी दम भरला, तो येईना. पण तो रडतही नव्हता. आतून आवाज आला, "थांबा ना. ह्याच्या शेपटीत दुसरा एक आहे." मग दुसरा पोरगा खाली गेला. मग एक चिमुरडी, नाकाला रुमाल लावून. संध्याकाळपर्यंत अशी वेळ आली की बाकड्यावर आया बसलेल्या आणि बाकड्याखालून पोरांच्या पायांची रांग बाहेर आलेली. शेवटी डॉक्टरीणबाई स्वतः गळ्यातल्या स्टेथोस्कोपसकट फरशीवर आडव्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात हजर.

"दादा, कुणी काढलं ते?"

सोफेवाला घाईघाईने उठला. त्याला वाटलं तक्रार आहे. "पोरीचं काम आहे हो. चूक माझी झाली, फडकं उलटं लागलं. मी आज येऊन बदलून देतो."

"बदललंत तर याद राखा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अहो, काल एकही मूल रडलं नाही माझ्याकडे! कुठे आहे ती चित्रकार?"

टेबलाखालचा करकर आवाज थांबला.

डॉक्टरीणबाई मनाने फार चांगल्या. त्यांना जे आवडे ते त्या भरभरून आवडून घेत. त्या टेबलाखाली वाकल्या, भिंगरीशी हात मिळवला, म्हणाल्या, "आमची आतली खोली नवीन झाली आहे. पुढच्या महिन्यात उघडायची. तिची एक अख्खी भिंत मी तुझ्यासाठी कोरी ठेवते. तिथे तुझा दबक्या हवा. एवढा मोठ्ठा. सगळ्यांना दिसेल असा!" आणि सोबत आणलेली रंगांची पेटी त्यांनी टेबलावर ठेवली. रंगही भारीतले.

सोफेवाल्याचा ऊर असा भरून आला की विचारू नका. जन्मभर त्याने लोकांची बुडं सांभाळली होती. त्याच्या कामाकडे तोंड करून कुणी बघितलं नव्हतं. आणि आज त्याच्या लेकीला भिंत! तो नको तितका हसला, नको तितक्या वेळा "हो हो" म्हणाला.

ताई यंत्रावरून एवढंच म्हणाली, "पोरीला विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात? खूश आहे ती. बघ की."

भिंगरी खरंच खूश होती. आणि अवघडून कानापर्यंत लालही झाली होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे सोफेवाल्याला तेव्हा कळलं नाही.

तो झपाटल्यासारखा कामाला लागला. दाराजवळ जिथे उजेड चांगला, तिथे त्याने तिच्यासाठी छोटं टेबल केलं. तिच्या मापाची खुर्ची केली, गादीची, पाठीला टेकू असलेली. वर दिवा लावला. मोठे पांढरे कागद आणले. रंगांची पेटी मधोमध मांडली. "आता टेबलाखाली अंधारात डोळे फोडायचे नाहीत. इथे ऐसपैस बसायचं."

आणि भिंगरी त्या खुर्चीत बसली, दप्तर मांडीवर घेऊन, जशी गाडीची वाट बघत माणसं बसतात तशी.

गिऱ्हाइकं यायची. सोफेवाला हातातलं काम सोडून म्हणायचा, "ही आमची भिंगरी. दवाखान्याची भिंत रंगवणार आहे." मग गिऱ्हाईक वाकून कागदाकडे बघायचं.

"वा वा! काय काढणार बेटा?"

"दबक्या."

"कोण बाई हा दबक्या? आम्हाला सांग तरी!"

भिंगरी सांगायला सुरुवात करायची आणि मध्येच थांबायची. टेबलाखाली दबक्याचं सगळं कसं सरळ होतं. इथे, उजेडात, लोकांच्या तोंडासमोर, त्याला सहा पाय का आहेत हे सांगताना ते जरा खुळचटच वाटायचं.

एका संध्याकाळी तिने विचारलं, "बाबा, पाय किती काढू?"

"तुला हवे तितके काढ की."

"पण लोकांना किती आवडतात?"

सोफेवाल्याने हातातला हातोडा खाली ठेवला. "सहा," तो म्हणाला, "सहाच चांगले आहेत."

भिंगरीने मान डोलावली आणि पट्टीने सहा सरळ रेघा आखल्या. दबक्या सहा खांबांवर उभ्या असलेल्या टाकीसारखा दिसू लागला. तिने तो खोडला. दुसऱ्या कागदावर एक घर काढलं, घराला दार, दोन डोंगर, डोंगरांच्या मध्ये सूर्य. कागद स्वच्छ, रंग कुठे रेघेबाहेर गेलेला नाही. जगातल्या सगळ्या पोरांना येतं ते चित्र. एका बाईंनी त्याचं तोंडभर कौतुक केलं. भिंगरीने "थँक्यू" म्हटलं आणि रंगांची पेटी बंद केली.

"बाबा, मला येत नाही," ती म्हणाली. "आधी चुकून आलं होतं."

त्या वाक्याने सोफेवाल्याच्या काळजाला खिळा ठोकल्यासारखं झालं. कामाला आलेल्या खुर्च्या तो आता उलट्या करून नीट बघू लागला. जन्मात पहिल्यांदाच डोळ्यांत तेल घालून बघू लागला. सगळ्या कोऱ्या. लाकडावर काही नाही, अस्तरावर काही नाही. टेबलाखाली खडूचा एक तुकडा पडला होता, त्यावर भुसा बसला होता. भिंत कोरी राहिली तर राहिली, डॉक्टरीणबाईंची माफी मागता येईल. पण दबक्या गेला होता. आणि तो कुठे गेला, त्याला हाक कुठल्या नावाने मारायची, हे बापाला ठाऊक नव्हतं.

तो ताईपाशी गेला. तिचं यंत्र चालू होतं, ओळी गळत होत्या.

"ताई, तुला ही गाणी कशी गं सुचतात?"

"कुठली गाणी?"

"हीच की. आत्ता म्हणत होतीस ती."

"मी कुठे काय म्हणत होते?"

"अगं, उशीवर काहीतरी म्हणालीस. पुन्हा म्हण ना. मला बघायचंय कसं करतेस ते."

ताईने यंत्रावरचा पाय थांबवला. घसा खाकरला. पदर नीट केला. "उशी... उशी गं बाई..." आणि अडली. पुन्हा पाय हलवला, पण आता पाय चुकला, यंत्र उलटं फिरलं, दोरा तटकन तुटला. ताईचा चेहरा एखाद्या शाळकरी मुलीसारखा झाला.

"बघ काय केलंस ते!" ती कडाडली. "इतकी वर्षं मी तोंड चालवते, मला ते कधी ऐकू आलं नाही. आता तू विचारलंस आणि मला माझंच तोंड ऐकू यायला लागलं!"

"मी नुसतं विचारलं..."

"नुसतं विचारलं म्हणे! चालणाऱ्या माणसाला विचारून बघ, डावा पाय आधी टाकतोस की उजवा. भर रस्त्यात पडेल."

पुढचे दोन दिवस ताईच्या तोंडाला कुलूप. दुकानात नुसती यंत्राची धडधड, तीही जरा घाबरल्यासारखी. गिऱ्हाइकं विचारू लागली, "ताई, बरं वाटत नाही का?" पलीकडच्या दुकानातला सायकलवाला डोकावला, "आज रेडिओ बंद का हो?" ताई आपल्या भावाकडे असं बघे की त्याने फोमखाली लपावं.

पण त्या शांततेत सोफेवाल्याला जे कळायचं ते कळलं. एकाच आठवड्यात, एकाच दुकानात, दोन बोलत्या माणसांना त्याने मुकं केलं होतं, आणि तेही कौतुकाने. शाबासकीची थाप फार जोरात बसली की पाठ मोडते.

रात्री जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. भिंगरी झोपली होती.

"मग अडलंय काय?" बायको म्हणाली. "सांगा डॉक्टरांना, नाही जमत म्हणून."

"त्यांनी भिंत कोरी ठेवली आहे गं."

"कोऱ्या भिंतीने आजवर कुणी आजारी पडलेलं मी तरी पाहिलं नाही. आणि अहो, ते रंग तिच्या नाकासमोरून हलवा आधी. पोर रोज त्या पेटीकडे अशी बघते, जसं माझ्या सुयांच्या ट्रेकडे आमचे पेशंट बघतात."

सकाळी तो दवाखान्यात गेला. शब्द जुळवून गेला होता, पण दारातून आत पाऊल टाकल्यावर सगळे उधळले. "डॉक्टर, भिंत दुसऱ्या कुणाला द्या. आमची पोर... तिचा हात आखडला. चूक तुमची नाही. माझीच हौस मोठी झाली."

डॉक्टरीणबाई हातातली सिरिंज खाली ठेवत म्हणाल्या, "मी मुलांना सांगते, सुईकडे बघू नकोस, खिडकीकडे बघ. बघितलं की जास्त दुखतं. आणि तुमच्या पोरीला मीच सुई दाखवून आले." त्यांनी डोक्याला हात लावला. "भिंत राहू दे तशीच. पण दादा, ते बाकड्याचं फडकं मी सरळ करू देणार नाही हं. तेवढं माझं."

"तुमचंच आहे," सोफेवाला म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी त्याला भूक लागली.

दुकानात येऊन त्याने बडेजाव न करता आवराआवर केली. छोट्या टेबलावर हातोड्या आणि पक्कड आली. पांढऱ्या कागदांवर खुर्चीच्या पाठीचे नमुने आखून कापले. रंगांची पेटी फळीवर खिळ्यांच्या डब्यांशेजारी गेली, ना पुढे ना मागे. गादीची छोटी खुर्ची त्याने मांजराला दिली, म्हणजे मांजरानेच ती घेतली. भिंगरी शाळेतून आली, दारातच थांबली, सगळं बघितलं.

"भिंत?"

"नाही करायची. सांगून आलो."

"त्या रागावल्या?"

"नाही. म्हणाल्या, कोरी छान दिसते."

भिंगरीने त्याच्याकडे जरा संशयाने पाहिलं, दप्तर टाकलं आणि टेबलाखाली गेली. खडूचा आवाज मात्र आला नाही. सोफेवाल्याने कान टवकारले, मग स्वतःच्याच कानांना मनातल्या मनात एक चापट दिली.

दिवस गेले. टेबलाखाली भिंगरी गृहपाठ करायची, चिंध्यांचे गोळे करायची, झोपायची. खडूला हात नाही. ताईचं यंत्र मात्र एका दुपारी आपोआप सुरळीत झालं, आणि एका मोठ्या आरामखुर्चीचं कापड शिवता शिवता तिच्या तोंडून काहीतरी गळलं. सोफेवाल्याने मान वर केली नाही. हसू आलं, ते त्याने सुतळीच्या गाठीत बांधून टाकलं.

ती आरामखुर्ची किराणा दुकानदाराची. चार पायांचा मासा होता तीच. बसून बसून पुन्हा खचली होती. जुनं अस्तर काढताना तो मासा फाटून गेला. नवं अस्तर अंथरलं, कोरं करकरीत. सोफेवाला स्प्रिंगांच्या जागा खडूने खुणावत होता. एक गोल, दुसरा गोल. दोन गोल शेजारी शेजारी आले आणि ते डोळ्यांसारखे दिसले. त्याला दबक्याची आठवण आली. त्याने इकडेतिकडे पाहिलं. ताई पाठमोरी. भिंगरी टेबलाखाली. त्याने त्या डोळ्यांभोवती एक रेघ फिरवली.

सोफेवाल्याने आयुष्यात खुणांपलीकडे काही काढलं नव्हतं. दबक्या म्हणून जे उमटलं ते बटाट्याच्या पोत्यासारखं होतं. पाय काढायला गेला तर ते काड्या टोचल्यासारखे झाले, आणि मोजण्यात घोटाळा होऊन पाचच आले. एक कान इतका मोठा झाला की बिचारा वाऱ्याने उडून जाईल. सोफेवाल्याने त्याच्याकडे बघितलं आणि त्याला अनावर हसू फुटलं. पोट धरून, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो हसला.

"काय झालं?" टेबलाखालून आवाज.

"काही नाही. आतलं काम आहे."

"काय आतलं काम?"

"आतलं म्हणजे आतलं. तू आपला गृहपाठ कर."

तो चहा प्यायला बाहेर गेला. खरं सांगायचं तर चहाची तल्लफ होती म्हणूनच गेला. मनात कुठलाही डाव नव्हता. सायकलवाल्याशी चार गप्पा झाल्या, टायरच्या भावावरून थोडं भांडण झालं. परत आला तर दुकानातून यंत्राची धडधड येत होती आणि त्या धडधडीच्या खाली, अगदी बारीक, करकर, करकर.

तो उंबऱ्यावरच थांबला. मग दोन पावलं मागे गेला आणि सायकलवाल्याला म्हणाला, "आणखी एक चहा सांग. तू म्हणतोस तोच भाव खरा." सायकलवाल्याला वाटलं, याला ऊन लागलं.

दुसरा चहा संपवून, वाटेत उगाच दोनदा खोकून तो आत आला. भिंगरी टेबलाखाली वहीत डोकं घालून बसली होती. तिची कोपरं पांढरी झाली होती, नाकाच्या शेंड्यावर खडू होता. आरामखुर्ची जिथे होती तिथेच होती, पोट उघडं टाकून, दाराकडे पाठ करून.

आता फक्त पुढे होऊन खाली बघायचं होतं.

सोफेवाल्याचे पाय खुर्चीपाशी गेले. सगळा जीव डोळ्यांत आला होता. आत दबक्या परतला असेल का? किती पायांचा? बापाच्या बटाट्याचं तिने काय केलं असेल? एकदाच, ओझरतं बघितलं तर कुणाला कळणार होतं? तिला कळलं नसतं. पण त्याला कळलं असतं, आणि पुढच्या वेळी त्याच्या तोंडून "वा" निघालं असतं, आणि ते "वा" टेबलाखाली गेलं असतं.

त्याने तळाचं फडकं उचललं, मान आढ्याकडे केली आणि टांगलेल्या खुर्च्यांकडे बघत ते खुर्चीवर पसरलं. बोटांनी कड चाचपली, ताणली, पहिला खिळा ठोकला. दुसरा ठोकला. तिसऱ्याचा घाव अंगठ्यावर बसला.

"आई गं!"

"बाबा, तू वर का बघतोयस?"

"मान आखडली आहे गं. खिळे दे जरा."

भिंगरी टेबलाखालून निघाली, डबा घेऊन त्याच्याशेजारी बसली आणि एकेक खिळा त्याच्या हातावर ठेवू लागली. चौथी बाजू ठोकायची राहिली तेव्हा ती हळूच म्हणाली,

"तुझ्या दबक्याला शेपटीच नव्हती."

"नव्हती का? विसरलो वाटतं."

"आणि पाचच पाय होते. तो पडला असता."

"मग?"

हे "मग" त्याच्या तोंडातून सुटलं आणि त्याने जीभ चावली. भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं. सोफेवाल्याने तिच्याकडे पाहिलं नाही; तो अंगठा चोखत होता.

"मग काही नाही," भिंगरी म्हणाली. "आतलं काम आहे."

"बरोबर," तो म्हणाला. "खिळा दे."

खिडकीपाशी यंत्राने वेग घेतला, आणि ताईला ऐकू न येणारं ताईचं तोंड सुरू झालं.

झाकलेल्या पोटामध्ये काय बाई आहे,
ज्याचं त्याला ठाऊक, जग वर बसून राहे.

दोघांनी खालमानेने ऐकलं. दाद कुणी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदार खुर्ची न्यायला आला. माणूस वजनदार, दोन्ही अर्थांनी. नेण्याआधी बसून बघणं हा त्याचा शिरस्ता. तो पाठ करून उभा राहिला, हात टेकले आणि आपलं सगळं वैभव खुर्चीत सोडून दिलं. नवी स्प्रिंग हळूच कुरकुरली.

भिंगरीने बापाच्या कानाशी तोंड नेलं आणि दबक्याच्या आवाजात म्हटलं, "आलास का बाबा!"

सोफेवाला असा फिस्सकन हसला की दुकानदार दचकून उठला. "का हो, काय झालं? नीट बसली नाही का?"

"छान बसली आहे शेठ. बसा, बसा. त्याला... म्हणजे तिला, सवय होऊ दे."

हल्ली भिंगरीची आई सकाळी दवाखान्यात जाताना दुकानात डोकावते आणि खडूचे उरलेसुरले तुकडे मूठभर पिशवीत टाकते. कशाला, ते तिने सांगितलं नाही. तिथल्या नव्या खोलीची भिंत अजून कोरीच आहे म्हणतात. बाकड्यांच्या खालून मात्र पोरं बाहेर येतात ती कोपरं पांढरी करून, आणि डॉक्टरीणबाई त्यांना औषध विचारतात, ताप विचारतात, झोप विचारतात. बाकी काही विचारत नाहीत.